अर्ध्यावर कापलेला आलेख

मी एक जुना संगणक आहे. एका मदतसंस्थेच्या ऑफिसात, झेरॉक्स मशीन आणि भिंत यांच्या बेचक्यात मला बसवलं आहे. माझ्या डोक्यावर कोणीतरी कायम चहाचा कप ठेवतं. असो, मानापमानाचं मला आता काही वाटत नाही.

मित्रांनो, माझं काम सांगतो. घरात मार खाणारी, घाबरलेली, एकटी पडलेली माणसं आमच्या वेबसाइटवर येतात. तिथे 'मला फोन करा' असं बटण आहे. ते दाबलं की आमच्या ताई त्या माणसाला फोन करायच्या. किती जण आले, किती जणांनी बटण दाबलं, ही सगळी नोंद रोज सकाळी आणून मी रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. मग पडद्यावर आलेख उमटतो.

मला कामाला लावणाऱ्याने सांगून ठेवलं होतं, की रोज सगळं पहिल्यापासून आण, म्हणजे काही सुटायला नको. तेव्हा नोंदी होत्याच किती! मी चुटकीसरशी आणायचो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जायचो. पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला. नोंदींचा डोंगर झाला आणि मी आपला रोज तो पायथ्यापासून उपसत राहिलो. जुनं आधी, ताजं शेवटी. कालच्या दिवसापर्यंत पोचायला दुपार व्हायची. लोक म्हणायचे, "म्हातारा झालाय."

ताईंचे यजमान आमच्याकडेच संगणक सांभाळत. ताईंचा नवरा, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना भावोजी म्हणायचं, अगदी साहेबसुद्धा. माझं दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं.

"साहेब, हा म्हातारा नाही झालेला. आपणच त्याला रोज तेच तेच आणायला लावतोय. जुनं एकदा साठवून ठेवू आणि रोज फक्त कालचं आणू. दोन दिवस द्या मला."

"चालतंय ना? मग कशाला नसती उठाठेव?" साहेब म्हणाले.

बैठका दुपारी व्हायच्या तोवर खरंच चाललं. मग एकदा वरिष्ठांनी वार्षिक बैठक सकाळी ठेवली. साहेबांची रीत अशी, की निघताना पडद्यावर जे असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तोच बैठकीत दाखवायचा. त्या वेळी मी अजून गेल्या वर्षाच्याच नोंदी भरत होतो, यंदाच्या जागी नुसतं शून्य. रेघ चढत येऊन एकदम तळाला पडलेली दिसत होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'माहिती येत आहे' असं लिहिलं होतं. फोटोत तो कोपरा आलाच नाही. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

बैठकीत ठरलं, की यंदा कोणी बटण दाबतच नाही, तेव्हा फोनची सेवा बंद.

हे कळल्यावर भावोजी जेवणसुद्धा न करता रात्रभर माझ्यापाशी बसले आणि त्यांनी मला दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण आलेख साहेबांपुढे ठेवला. रेघ पडली नव्हती, उलट चढतच गेली होती.

साहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं हो, भावोजी. पण वरून सही होऊन आलीये. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"हिची नोकरी राहू दे बाजूला. त्या लोकांना फोन कोण करणार?"

साहेब नंतरही वर बोलले नाहीत.

ताई आपलं टेबल आवरायला आल्या, तेव्हा त्यांचा फोन कोणीतरी आधीच काढून नेला होता. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. "अहो, एवढे जण वाट बघतायत?" त्यांनी भावोजींना विचारलं.

"चल घरी," भावोजी म्हणाले. त्या तरी तिथेच उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, एखादं यंत्र कण्हत असेल तर त्याला म्हातारं म्हणून सोडून देऊ नका, ते का कण्हतंय ते बघा. आणि आकड्यांवरून कोणाचं काही ठरवण्याआधी एवढंच विचारा, की सगळं आलं का?

आता माझं काम ऑफिस उघडायच्या आत संपतं. साहेब माझी तारीफ करतात. वेबसाइटवरून बटण काढायला मात्र कोणी सांगितलेलं नाही. म्हणून रोज सकाळी, अगदी वेळेवर, मी दाखवतो की काल किती जणांनी 'मला फोन करा' म्हटलं. त्यांतल्या एकालाही फोन गेलेला नसतो.