मोराखालची सही

माझ्या ताईच्या मनगटावर एक मोर आहे. मोर आहे हे सांगावं लागतं, कारण दिसते ती रुसून बसलेली कोंबडी. भावोजींनी काढलेला हा पहिला टॅटू. लग्नाआधी ते हे काम शिकत होते, तेव्हा आपली कातडी त्यांच्या सुईखाली द्यायला ताईशिवाय कुणी तयार नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी खाली झोकदार सही मात्र ठोकलेली.

आता भावोजींचं नाव झालंय. त्यांच्या दुकानात गल्ल्यावर ताई बसते, गिऱ्हाइकांना वेळा मी देते. पण गिऱ्हाईक ताईचा हात बघतं, सही वाचतं आणि 'घरी विचारून येतो' म्हणून जे जातं ते जातंच. भावोजी कावले. मोर लेझरनं काढून टाक, म्हणून हात धुऊन तिच्या मागे लागले आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळही परस्पर ठरवून आले. ताईचा चेहरा उतरला. तिला ते ध्यान आवडतं याचं मला आजवर हसू यायचं. त्या दिवशी वाईट वाटलं.

मी सोबत गेले. बधिर करणारं मलम लावून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळी शाई लवकर जाते, हिरवी फार चिवट. आधी थोड्याशा जागेवर करून बघू, जागा तुम्हीच दाखवा. ताईनं काळा चष्मा चढवला आणि सरळ सहीवर बोट ठेवलं. तापल्या तेलाचे थेंब उडावेत तसं झालं म्हणे. मधे मधे महिने सोडून काही खेपा झाल्या, सही पुसली गेली, आणि पुढचं काही करायचं नाही असं सांगून ताई घरी आली.

भावोजींनी कपाळाला हात लावला. मग सहीच नाही तर बदनामी कसली, अशी स्वतःची समजूत घातली.

परवा एक बाई पाठभर टॅटू काढायचा म्हणून आल्या. दुकान भरलेलं होतं. त्यांनी ताईचा हात पाहिला आणि हा कुणी काढला, असं विचारलंच.

"लग्नाआधी एक मुलगा होता," ताई म्हणाली. "हात थरथरत होता त्याचा, पण जीव ओतून काढला बघा. तसं माझ्यासाठी परत कुणी काही केलं नाही."

आतला सुईचा आवाज थांबला.

"आठवण येते अजून?" बाईंनी हळूच विचारलं.

"रोज."

भावोजी हातमोज्यांसकट बाहेर आले. कान लालबुंद झाले होते.

"मी काढलाय तो," भरल्या दुकानात ते म्हणाले. "ती कोंबडी माझी आहे."

सगळ्यांनी कोंबडीकडे पाहिलं, मग भावोजींकडे. दोघंजण चपला शोधू लागले. ताईनं त्या दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाही वर सारून तिनं हात टेबलावर ठेवला.

"मग करा सही," ती म्हणाली.