वरची गुलाबी फाइल

मी फाइल बोलतेय. निळी, प्लास्टिकची, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. मत्सरी आहे मी, आधीच सांगते. मागून नाकं मुरडू नका.

रेसिफे शहरातल्या टेकडीवरच्या दुकानात मी आणि गुलाबी एकाच गठ्ठ्यात होतो. दोघी बहिणींनी एकाच दिवशी आम्हाला नेलं. थोरली लिंदाउरा खाली राहते. धाकटी जोझिलेनी त्याच घराच्या स्लॅबवर खोल्या बांधून वर. इथं सगळ्यांचं तसंच असतं. विजेचा मीटर मात्र दोघींत एक.

सरकारी मदतीसाठी जोझिलेनी आधी गेली. विजेचं बिल दाखवलं, अर्ज मंजूर. तेव्हापासून ती गुलाबी बया कपाटावर लोळतेय. आणि मी? लिंदाउराला बिस्किटाच्या कारखान्यातून काढलं, त्या दिवसापासून मी तिच्या काखेत. तिचा घाम पिऊन माझा रंग उडाला. एकदा म्हणे पोरांच्या लशीच्या कागदाची प्रत पुसट. एकदा कॉम्प्युटर बंद. एकदा साहेब जेवायला गेलेले. चौथ्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला,

"या पत्त्यावर एक कुटुंब आहे की आधीच."

"ती माझी बहीण. वर राहते."

"मीटर एकच आहे."

"मीटर एक म्हणून नवरापण एकच का आमचा?"

सगळी रांग खो खो हसली. तो नाही हसला. "चूल वेगळी असेल तरच वेगळं कुटुंब. तपासणीच्या बाई घरी येऊन बघतील."

एउलालिया बाई आल्या. लिंदाउराने शेगडी घासून लख्ख केली होती. मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं, मी पण ताठ बसले.

"स्वयंपाक वेगळा?"

"वेगळा."

बाईंनी पेन टेकवलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जोझिलेनी पातेलं घेऊन हजर.

"ताई, घेवडा घे गं, गरम आहे! बाई, तुम्हीपण बसा. आमच्यात घेवडा मी शिजवते, भात ताई लावते. आई गेल्यापासून असंच आहे."

वेडी अभिमानाने सांगत होती! पाहुण्यासमोर बहिणीचं घर रिकामं दिसू द्यायचं नाही, ही इथली रीत. बाईंनी चार घास खाल्ले, चव छान म्हणाल्या आणि लिहिलं: एकच कुटुंब.

बाई गेल्यावर लिंदाउरा कडाडली, "तोंडाला कुलूप नाही का तुझ्या?"

"मग काय, मी बहिणीला उपाशी ठेवते म्हणून सांगू?"

"हो, सांग! तुझं काय जातंय? तुझा मंजूर झालाय ना!"

इतका हेवा भरला होता त्या शब्दांत, की खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतके दिवस मी एकटीच जळत होते.

पुन्हा अर्ज केला. लिंदाउराने बजावलं, बाई येऊन जाईपर्यंत पातेलं खाली आणायचं नाही. घेवड्याचा वास तेवढा खाली यायचा. पोरं जिन्यापाशी घुटमळायची.

"मावशीकडे जाऊ?"

"पाय मोडीन. गप भात खा."

दोन महिन्यांनी बाई न सांगता उगवल्या. दोन शेगड्या, दोन पातेली आणि एकमेकींकडे न बघणाऱ्या दोन बहिणी पाहिल्या. लगेच लिहिलं: वेगळं कुटुंब.

आता गुलाबीच्या पोटात आहे तसाच शिक्क्याचा कागद माझ्याही पोटात आहे. पोरांना दूध मिळतं. पण कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, तपासणी कधीही होऊ शकते. म्हणून पातेलं अजून वरच आहे. जेवायच्या वेळी जोझिलेनीकडे हल्ली शेजारीण बसते, ताई वर गेली की बसायची त्या स्टुलावर. तिचं हसणं ऐकू आलं की लिंदाउरा भाताचा डाव आपटते. मीही जळते, आणि या खेपेला मला जराही बरं वाटत नाही.

एउलालिया बाई, एवढंच मागते. पुढच्या वेळी कळवून या हो. म्हणजे मधल्या दिवसांत तरी या दोघी एकत्र जेवतील.