फरशीचा ढाळ

ठोकळा हातात घेतला की हाकसुनला कळायचं, त्याला पाणी हवंय की नको. दगड वितळवून काढलेल्या लोकरीचा तो चौकोनी ठोकळा, वीतभरसुद्धा नाही, आणि त्याच्या मधोमध ढोबळी मिरचीचं रोप. चार बोटांवर तोलून ती सांगायची, "हे दुपारपर्यंत थांबेल," किंवा, "मोटार लावा आत्ताच." रोपवाटिकेची तरुण मालकीण ग्युरी सुरुवातीला तेच ठोकळे मागाहून काट्यावर ठेवून पाहायची. महिनाभरात तिने काटा कपाटात टाकला.

दक्षिण कोरियातल्या जिंजू शहराबाहेरच्या या रोपवाटिकेत रोपांवर वरून पाणी घालत नसत. मोटार सुरू झाली की टाकीतलं खताचं पाणी खालून वर यायचं आणि ठोकळ्यांच्या पायाशी दोन बोटं उभं राहायचं. ठोकळे हवं तेवढं पिऊन घ्यायचे. दहा मिनिटांनी उरलेलं पाणी आल्या वाटेने टाकीत परत जायचं. ते नीट जाणं येण्याइतकंच गरजेचं होतं. पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात.

जुन्या शेडमध्ये हे सगळं पत्र्याच्या मेजांवर चालायचं. या उन्हाळ्यात ग्युरीने नवीन शेड उभी केली आणि मेजांऐवजी सबंध जमिनीवर काँक्रीटची फरशी करून घेतली. फरशीत भोकं, त्यांतून पाणी यायचं आणि त्यांतूनच जायचं. दिसायला फरशी आरशासारखी होती. पहिल्याच आठवड्यात तिने रंग दाखवला. पाणी गेलं तरी सात ठिकाणी तळी राहायची, आणि भिंतीकडच्या दोन पट्ट्यांवर तर पाणी चढायचंच नाही. तळ्यातल्या ठोकळ्यांची मुळं तपकिरी पडली. पट्ट्यांवरचे ठोकळे इतके वाळले की नंतर पाण्यात बुडवले तरी ते पाणी धरेनात. आठशे रोपं उकिरड्यावर गेली. ठेकेदार फोन उचलत नव्हता. दुसऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, "फोडून नवी करावी लागेल, दोन महिने धरा." ग्युरीकडे होते नऊ दिवस. त्यानंतर बारा हजार कोवळी रोपं ठोकळ्यांत जायची होती, आणि ती ठेवायला दुसरी जागा नव्हती.

तोवर हाकसुन आणि पिलनामताई स्पंज घेऊन तळी टिपत बसायच्या. पिलनामताई सहासष्ट वर्षांच्या, तिथल्या सगळ्यांत जुन्या कामकरी.

"माझ्या सासूनं माझ्याकडून सगळं घर पुसून घेतलं," त्या म्हणाल्या, "पण पाणी पुसायला नाही लावलं कधी."

दुसरा ठेकेदार येऊन गेला त्या संध्याकाळी थंड शेवया कालवता कालवता हाकसुनने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. सांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितलं. चांगबे टीव्हीसमोर बसला होता. चौतीस वर्षं त्याने बुसानमध्ये लादी बसवली. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात खांद्यापासून लुळा पडला, पाय ओढत चालायची वेळ आली. मग ती दोघं हाकसुनच्या गावी येऊन राहिली. गावात आल्यापासून तो अंगणापलीकडे गेला नव्हता. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा.

"तळी भोकांजवळ आहेत की लांब?" त्याने विचारलं.

हाकसुनचा हात थांबला. दोन वर्षांत त्याने जेवणखाण आणि औषध यांपलीकडे काही विचारलं नव्हतं.

"लांब असावीत. मी कशाला बघत बसू?"

"ढाळ कुणीकडे दिलाय?"

"अहो, मला काय माहीत ढाळबिळ. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रोपवाटिकेच्या फाटकात चांगबे उभा होता. दोन बस बदलून, काठी टेकत, घामाने निथळत. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. हातातला स्पंज टाकून हाकसुन फाटकाकडे धावली. इतक्या लोकांसमोर कुणी त्याला फटकन काही बोललं तर, या विचारानेच तिला राग आला, आणि तो निघाला त्याच्यावरच.

"इथं कशाला आलात तुम्ही? वाटेत पडला असतात म्हणजे?"

"पाणी बघायला आलो," तो म्हणाला. त्याचं बोलणं आता संथ झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

ग्युरी पुढे आली. तिने त्याला खुर्ची दिली, भाजलेल्या धान्याच्या पिठाचं गार पेय दिलं. "काका, त्रास कशाला घेतलात," असं ती म्हणाली खरी, पण तो सांगेल तशी मोटार लावली. त्याने तिला दोनदा पाणी भरायला आणि सोडायला लावलं. फरशीकडे त्याने फार पाहिलंच नाही. पाणी ओसरताना कुठे रेंगाळतंय, कुठून वळतंय, तेवढंच तो पाहत राहिला. मग खडू मागितला. डाव्या हाताने त्याने पहिल्या तळ्याची कड आखायला घेतली, ती रेघ भलतीकडेच गेली. हाकसुनने त्याच्या हातून खडू घेतला आणि उकिडवी बसली. तो काठीने दाखवत गेला, ती आखत गेली.

मग त्याने पारदर्शक नळी मागितली. पाणी भरलेल्या नळीचं एक टोक पिलनामताईंनी धरलं, दुसरं हाकसुनने. तो एका टोकाशी वाकून पाण्याची रेघ फरशीपासून किती वर आहे ते वाचायचा आणि आकडा सांगायचा. तासाभरात फरशीभर खडूचे आकडे झाले.

"फोडू नका," शेवटी तो ग्युरीला म्हणाला. "भिंतीकडचे दोन उंचवटे घासा. सात खड्डे भरा. सगळ्यांत खोल आहे तो सहा मिलिमीटर."

"सिमेंटनं भरायचे का, काका?"

"सिमेंट नको. त्याच्या पाण्यानं मुळं जळतील. इपॉक्सी आणि बारीक वाळू. सार्वजनिक न्हाणीघरांत आम्ही तेच वापरायचो. एका दिवसात दगड होतो. वर त्याचाच एक पातळ हात फिरवा, मग तीनदा पाणी भरून फेकून द्या."

सामान दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. उंचवटे घासायचं यंत्र ग्युरीने भाड्याने आणलं आणि स्वतःच चालवलं. धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. खड्डे भरायची वेळ आली तेव्हा चांगबे काठी बाजूला ठेवून खाली बसला. बसायलाच त्याला दोन मिनिटं लागली. डाव्या हातात थापी घेऊन त्याने मिश्रणाचा पहिला गोळा टाकला. थापी तिरकी फिरली, गोळा तसाच राहिला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पिलनामताईंनी पाठ फिरवून उगाच ठोकळे मोजायला घेतले.

चांगबेने थापी बायकोपुढे धरली. "तू कर."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"मला येतंय. तू कर."

अशी हाकसुन वयाच्या एकसष्टाव्या वर्षी थापी धरायला शिकली. आणि तिच्या नवऱ्याला तोंड फुटलं.

"थापी आहे ती, लाटणं नाही. पुढची कड उचल. दाबू नको, ओढ. मधून कडेकडे. कडेला कागदाएवढं पातळ झालं पाहिजे. अजून. हे काय, भाकरी थापतेस?"

"अहो, मी काही तुमच्या हाताखालची बिगारी नाही."

"बिगारी असतीस तर सकाळीच घरी पाठवली असती."

पिलनामताई हसून हसून खाली बसल्या. "नवरा बोलत नाही, बोलत नाही म्हणून माझ्याजवळ रडायचीस ना? घे आता. पोटभर ऐक."

हाकसुन चिडली होती, पण एकीकडे ती चोरून त्याच्याकडे पाहतही होती. हा माणूस तिला नवा होता. कामावरचा चांगबे तिने कधी पाहिलाच नव्हता. तिला ठाऊक होता तो पहाटे डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी गुडघ्यांना सिमेंट लावून येणारा. त्या पँटी धुताना मोरी तुंबायची, आणि त्यावरून ती किती वेळा त्याला ताडताड बोलली होती.

दुपारी सगळी सावलीत जेवायला बसली. ग्युरीने कलिंगड कापलं.

"काका, न्हाणीघरं किती केलीत हो तुम्ही?" तिने विचारलं.

"एकतीस. बत्तिसावं अर्धं राहिलं." मग तो हाकसुनकडे वळला. "आपण राहायचो तिथलं, चढावरचं, ते माझंच."

"कुठलं?"

"ते गं. निळ्या दाराचं. बायकांच्या बाजूची सगळी लादी मी घातली. पोरगा झाला त्या वर्षी."

हाकसुनने हातातला घास खाली ठेवला. अकरा वर्षं दर रविवारी ती त्या न्हाणीघरात गेली होती. कडेवर पोर, एका हातात घमेलं, पायाखाली साबणाचं पाणी. दुसऱ्या न्हाणीघरांत बायका घसरायच्या, कुणाचा हात मोडायचा, कुणाचं डोकं फुटायचं. तिथे कधी कुणी घसरलेलं तिला आठवेना. पाणी अंगावरून पडायचं आणि कुठे जायचं, याचा विचारही कधी मनात आला नव्हता.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"कामाचं काय बोलायचं," तो म्हणाला आणि कलिंगडाच्या बिया काढायला लागला. डाव्या हाताने त्या निघत नव्हत्या. हाकसुनने फोड ओढून घेतली, बिया काढल्या आणि परत त्याच्यापुढे ठेवली. तिच्याच्याने पुढे जेववेना. तिला त्या क्षणी इतकं भरून आलं की ती उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

दुपारनंतरचं काम जड गेलं. उन्हामुळे मिश्रण लवकर घट्ट व्हायला लागलं. चौथा खड्डा हाकसुनच्या हातून बिघडला, मध्ये टेंगूळ राहिलं आणि ते खरवडून काढावं लागलं. चांगबे ओरडला. मग पालथ्या क्रेटवर जाऊन बसला. लुळा हात त्याने मांडीवर नीट ठेवला, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

"अर्ध्या तासाचं काम होतं हे," तो पुटपुटला. "माझा हात असता तर."

हाकसुन गुडघे टेकून बसली होती, कोपरापर्यंत माखलेली. "माझा आहे ना," ती म्हणाली. "सांगा, पुढं काय करू?"

"मिश्रण कमी घे," तो म्हणाला. "आणि माझं ओरडणं मनावर घेऊ नको."

"ते मी सकाळपासूनच सोडलंय."

सातही खड्डे दोन दिवसांत भरून झाले, आणि त्यानंतर वरचा पातळ हातही फिरवून झाला. सहाव्या दिवशी सकाळी ग्युरीने मोटार लावली. सगळ्या भोकांतून पाणी एकदम वर आलं, पसरलं, भिंतींना जाऊन टेकलं. वाळक्या पट्ट्या भिजल्या. दहा मिनिटांनी ते उतरायला लागलं. चौघंही एका रांगेत उभी होती. पाणी गेलं, फरशी ओली चमकत राहिली, आणि दोनच ठिकाणी तळहाताएवढं पाणी उरलं. एक हाकसुनने त्याच दुपारी भरलं. दुसरं भिंतीच्या अगदी कोपऱ्यात होतं.

"ते राहू दे," चांगबे म्हणाला. "तिथं ठोकळा ठेवू नका म्हणजे झालं."

ग्युरी पुढे आली. तिने कमरेत वाकून त्याला नमस्कार केला, आणि तशीच वळून हाकसुनलाही. मालकिणीने आपल्यापुढे वाकावं याने हाकसुनला कसंसंच झालं. ती तिचे खांदे धरून तिला उठवायला लागली.

"माझ्या वडलांची आहे ही रोपवाटिका," ग्युरी म्हणाली. "या वर्षी बंद करावी लागणार, असं मी घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं. मिस्त्री, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मिस्त्री हा शब्द ऐकल्यावर चांगबेने आधी मागे वळून पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं.

तीनदा पाणी भरून फेकलं गेलं, आणि नवव्या दिवशी बारा हजार रोपं फरशीवर बसली. आठवड्याने हाकसुनने मधला ठोकळा उचलला, मग भिंतीकडचा, मग भोकाशेजारचा. तिन्ही सारखे जड. बुडातून मुळं डोकावत होती, पांढरीशुभ्र.

महिनाभराने जवळच्या हापछनचा एक शेतकरी ट्रक घेऊन रोपं न्यायला आला. जुनं गिऱ्हाईक, नाकातून बोलणारं. त्याने दहा-बारा ठोकळे उलटे करून पाहिले, खोट काढायला काही सापडेना.

"यंदा सगळी एका आईच्या पोटची वाटतायत," तो म्हणाला. "काय केलंत?"

"आमच्या मिस्त्रींनी फरशी केली," ग्युरी म्हणाली. चांगबे आता आठवड्यातून दोन दिवस हाकसुनबरोबर येऊन बसायचा आणि पाणी बघायचा.

"हातानं हिनं केली," तो म्हणाला.

"अस्सं? मग आमच्याकडेही एक फरशी आहे. या की दोघं. माझी बायको जेवण चांगलं करते."

"हिला विचारा. हात हिचा आहे, सुट्टीही हिचीच."

हाकसुन लाजली आणि राहिलेल्या रांगांना पाणी सोडायचं निमित्त करून मोटारीकडे गेली. चांगबे काठी टेकत मागोमाग आला. खताचं पाणी भोकांतून वर येत होतं. मोटारीच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून तिने बोलून टाकलं.

"त्या दिवशी तुम्ही फाटकात दिसलात, तेव्हा मला राग आला होता."

"दिसला तो."

"बरं झालं आलात. इथंही, आणि," ती जराशी थांबली, "एकूणच. मी कधी म्हटलं नाही. खूप केलंत तुम्ही आमच्यासाठी."

त्याने डावा हात पुढे करून तिच्या बाहीला लागलेला लोकरीचा तंतू काढला आणि तो बोटांत धरून उभा राहिला. पाणी भिंतीला टेकलं. मग दोघंही ते उतरण्याची वाट बघत थांबली.