आक्काचा न पाळलेला पोपट

भरदुपारी कारखान्यातल्या अकराही शिलाई मशिनी एकदम थांबल्या. वीज होती. आक्काच्या फोनवर कोणी एक अंतर्ज्ञानी म्हणवणारे गुरुजी बोलत होते.

आक्का आमच्याकडे काजं-बटणं करते, मी कापड कापतो. इस्त्रीच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवलेला आणि भोवती साऱ्याजणी श्वास रोखून उभ्या.

"माते, तुझा डावा गुडघा ठणकतो."

"अगंबाई! डावाच!"

"निळ्या दाराचं घर. घरात नुकतीच नात आली."

"बघा मास्तर!" आक्का माझ्याकडे वळली. "न बघता सांगतात!"

"या वयात गुडघे कोणाचे दुखत नाहीत?" मी म्हणालो.

"तुम्ही कात्री चालवा. जीभ नको."

मग गुरुजींनी आवाज खाली आणला. "तुझा धाकटा भाऊ भांडून गेला. नऊ वर्षं झाली. तो जिवंत आहे, माते. पण मध्ये पडदा आहे. उद्या बारा वाजता तुझ्या फोनवर सहा आकडे उमटतील. ते मला सांगितलेस की पडदा सरेल. घरात मात्र बोलू नकोस, शक्ती आटते."

आक्काने टेबलावरच खडूने 'उद्या बारा' लिहून ठेवलं. खोटं कशाला बोलू, भावाचं ऐकून माझ्याही अंगावर काटा आला.

संध्याकाळी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेचे पडदे न्यायला आल्या. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "आक्का, फोन बघू तुमचा."

दोन मिनिटांत आक्काच्या सोशल मीडियाच्या पानावर सगळं सापडलं. निळ्या दारात नातीला घेतलेला फोटो. 'डावा गुडघा सुजलाय, चांगला डॉक्टर सुचवा.' आणि दोन वर्षांपूर्वीचं, भावाच्या जुन्या फोटोखाली लिहिलेलं: 'भांडण विसर. सात वर्षं झाली, ये रे घरी.'

"हे मी नातेवाइकांसाठी टाकलं होतं," आक्का पुटपुटली.

"पण वाचता साऱ्या जगाला येतंय."

"तरी गुरुजी खरेच ज्ञानी असतील तर?"

"मग परीक्षेला का घाबरायचं? तुमच्याकडे पोपट आहे?"

"नाही."

"मग आज पाळा."

आक्काने स्वतःच्या बोटांनी लिहिलं: 'आमचा लाडका पोपट उडाला. घर सुनं झालं.'

दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला फोन वाजला. मधल्या सुट्टीत बाईही धावत आल्या होत्या.

"गुरुजी, कालपासून मन लागत नाही. का, ते तुम्हीच बघा."

बराच वेळ नुसती घुमघुम. मग, "हिरवं दिसतंय... पंख दिसताहेत... माते, तुझा राघू उडाला!"

"कुठे आहे हो तो?"

"आग्नेयेला. झाडावर बसून तुझ्या आठवणीने रडतो आहे."

शिलाईवाल्या एकीने तोंडात कापडाचा बोळा कोंबला. तेवढ्यात फोन टिंग वाजला.

"आले ना आकडे? लवकर सांग, मुहूर्त टळेल!"

आक्काने चष्मा लावून वाचलं. "गुरुजी, इथे लिहिलंय, हे आकडे कोणालाही सांगू नका. पोपटाला सांगितले तर चालतील?"

"माते! शाप लागेल!"

"लागू दे. नसलेल्या पक्ष्याला रडवणाऱ्याचा शाप तो केवढा लागणार!" तिने फोन ठेवला. कारखाना हसून लोळला.

"तो तुमच्या बँक खात्याच्या दारात उभा होता," बाई म्हणाल्या. "हे आकडे म्हणजे त्या दाराची किल्ली. बँकेने ती खात्री करायला तुमच्याकडे पाठवली, आणि तो ती तुमच्याच हातून मागत होता."

हसू ओसरलं. आक्का हळूच म्हणाली, "म्हणजे भावाचंही त्याला काही माहीत नाही."

"नाही, आक्का."

"मला आतून कळत होतं हो. पण नऊ वर्षांत 'तो जिवंत आहे' असं म्हणणारा तोच पहिला भेटला."

बाईंनी विचारलं, "पोलिसांत नोंद केली होती का कधी?" लाजेपायी केलीच नव्हती. त्याच संध्याकाळी दोघी चौकीत गेल्या. एक तक्रार गुरुजींची दिली, एक नोंद हरवलेल्या भावाची केली. भाऊ अजून सापडलेला नाही; पण आता त्याला खरोखर कोणीतरी शोधतं आहे.

म्हणून सांगतो, कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर हात जोडण्याआधी आठवा, हे आपण कुठे कुठे बोललो होतो. जो घाई करतो, घरच्यांपासून लपवायला सांगतो आणि आकडे मागतो, त्याचा फोन खुशाल ठेवून द्या. दुःख असेल तर ते ओळखीच्या माणसाला सांगा, आणि शंका आली तर चारचौघांत विचारा. विचारल्याने कुणाची शक्ती आटत असेल, तर आटू द्या.