खळ लावलेला लिफाफा

मित्रांनो, पिवळ्या पडलेल्या लिफाफ्याला कसली आली आहे जीवनकहाणी, असं तुम्हाला वाटेल. पण मी एक जुना आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ लिफाफा आहे. माझ्या हातून जे होता होता राहिलं, ते मला स्वतःच सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधला. कागद जाड, रंग दुधासारखा. १९७९ साली तिथल्या एका विद्यापीठाने माझ्या पोटात एक गुणपत्रक घातलं, झाकण चिकटवलं आणि सांध्यावर निळा शिक्का मारला. गुणपत्रक होतं पवनारच्या नलूचं. शेतकऱ्याची ही मुलगी दुग्धशास्त्र शिकायला वर्षभर तिकडे राहून आली होती. तिथले सात विषय इकडच्या पदवीत धरले गेले, तर तिचं वर्ष वाचणार होतं. नाहीतर तेच वर्ष पुन्हा पहिल्यापासून. इकडच्या विद्यापीठाची अट एकच होती, की मी बंदच्या बंद पोचलो पाहिजे. ‘उघडल्यास अमान्य’ असं माझ्या पाठीवर इंग्रजीत ठळक छापलेलंही होतं.

काय ऐट होती माझी! विमानाने आलो, रेल्वेने आलो आणि शेवटी पोस्टमन कवडूच्या सायकलवरून नलूच्या दारात उतरलो. नलू नेमकी वर्ध्याला गेली होती. तिची आई जयवंताबाई हिने परदेशचा पाहुणा म्हणून मला हळदीकुंकू लावलं. मग वडील रूपराव पुढे झाले. टपाल कोणाच्याही नावाचं असो, घरच्या कर्त्यानेच फोडायचं, अशी त्या घरची रीत होती. त्यांनी विळ्याच्या टोकाने माझं झाकण अलगद सोडवलं, गुणपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि एक अक्षरही न कळता खूश झाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी नलू आली आणि मला पाहताच मटकन खाली बसली.

“बाबा, हे काऊन फोडलं? माह्यं वर्ष गेलं ना आता!”

“मले काय मालूम, माय? मी तर खुशीनं फोडलं,” रूपराव म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पुष्कळ रडून झाल्यावर नलूने आईकडे कणकेची खळ मागितली. शिक्क्याचे दोन्ही अर्धे जुळवून तिने माझं झाकण इतकं बेमालूम चिकटवलं, की मीही चकित झालो. आणि मित्रांनो, लपवत नाही, मला बरंच वाटलं. पोरीचं वर्ष वाचतंय ना, मग कोणाचं काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीने विद्यापीठाच्या कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क बंडोपंत भारी बारीक नजरेचे. त्यांनी माझ्यावरचं कुंकू पाहिलं, मला उलटं केलं आणि विचारलं, “घरी आलं होतं वाटतं? आलं तसंच आहे ना हे?”

नलूने मान खाली घातली. तेवढ्यात रूपराव बाकावरून उठून उभे राहिले.

“साहेब, पोरीचा दोष नाई. मीच फोडलं. खळ बी मीच लावली.”

“नाई साहेब,” नलू एकदम म्हणाली, “खळ मी लावली.”

बंडोपंतांनी मला बाजूला ठेवलं. “हे मला घेता येणार नाही,” ते म्हणाले. नलूचे डोळे भरून आले. मग त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. “बसा. दोघंही बसा.”

त्यांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, सह्या घेतल्या आणि अर्जावर शेरा मारला, ‘दुसरी प्रत थेट कचेरीकडे मागवावी, तोवर अर्ज फेटाळू नये.’ बाहेरचे विषय मान्य करणाऱ्या समितीची सभा पुढच्याच आठवड्यात होती. त्या शेऱ्यामुळे नलूचा अर्ज तिथे टिकून राहिला. अडीच महिन्यांनी दुसरा लिफाफा थेट कचेरीत आला. सहा विषय धरले गेले. सातवा इकडे शिकवतच नव्हते, त्याऐवजी नलूने एक पेपर दिला. वर्ष वाचलं.

जो कामाला आला, तो लिफाफा त्याच दिवशी टरकन फाटून टोपलीत गेला. आणि मी, नापास झालेला, आज नऊ वर्षांनीही नलूच्या कपाटात आहे! ती कारंज्याच्या दूध केंद्रावर अधिकारी आहे. माझ्या खळीला कसर लागली आहे. रूपरावांना जाऊन दोन वर्षं झाली.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. हातून चूक झाली तर उभं राहून सांगायची सवय तेवढी जपा. कागद काय, दुसरा मागवता येतो. त्या दिवशी रूपराव गप्प बसले असते, तर मात्र नलूला आपल्या वडिलांची ही आठवण कुठूनच मागवता आली नसती.