मागावरचे हात

तेरवी आटोपली आणि रुख्माबाईंचे कपडे वाटायला शोभाआत्या तांडापेठेतल्या घरी थांबल्या. नणंद-भावजयींनी उभी हयात एकाच खोलीत, शेजारशेजारच्या हातमागांवर काढली होती. रुचिका आईच्या साड्यांच्या घड्या करून आत्यापुढे ठेवत होती, पण तिचं लक्ष सकाळच्या फोनमध्ये अडकलं होतं.

आईला स्वादुपिंडाच्या आजाराने नेलं. दवाखान्यात रक्त काढलं तेव्हा नळीत वर सायीसारखा पांढरा थर आला होता. "उपाशी यायला सांगितलं होतं ना? दूध पिऊन आल्या का?" म्हणून लॅबवाला खेकसला. आईने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तेव्हाच पाठवलेल्या जनुकांच्या तपासणीचं उत्तर डॉक्टरांनी आज फोनवर सांगितलं. पेशीत चरबीच्या थेंबाभोवती प्रथिनाचं वेष्टण असतं. आईचं ते जन्मापासून सदोष होतं. चरबी हातापायांत टिकायची नाही, रक्तात आणि यकृतात जाऊन साचायची, म्हणून मधुमेहाचं इन्सुलिनही लागू पडत नव्हतं. पोट सुटलेलं पाहून सगळे मात्र तिला भात सोड म्हणत राहिले.

"हे मुलांत उतरू शकतं," डॉक्टर म्हणाले. "हातापायांच्या शिरा, स्नायू उठून दिसतात. घरात आणखी कोणी तसं आहे?"

"नाही. आईचे हात मागामुळे तसे होते," रुचिकाने सांगून टाकलं होतं.

"हे पोलकं मले येते का पाहू दे वं," आत्या म्हणाल्या. बाही दंडाच्या खालीच अडकली. "बाई बाई! वहिनीचे हात म्हणजे निस्ते दोर होते. मागानं केले."

रुचिका आत्याच्या मऊ, भरल्या दंडाकडे बघत राहिली.

"आत्या, तू पण मागावरच होती ना?"

"मंग? तुह्या आईपेक्षा जास्त लुगडे विनले मी. काहून?"

तेवढ्यात रुचिकाच्या आठवीतल्या मुलीने, चिन्मयीने, पोलकं ओढून घेतलं आणि गंमत म्हणून अंगात घातलं. कमरेत ते गोणीसारखं लोंबलं. बाही मात्र माप घेऊन शिवल्यासारखी बसली. तिने कोपर वाकवलं. पीळ वर आला, त्यावर निळी शीर.

"आजीचेच हात!" आत्यांनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. "मागावर न बसता आले, पाह्य!"

रुचिकाने स्वतःच्या कुडत्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी सदर बाजारातल्या लॅबमध्ये रक्त देऊन बाकावर बसल्या.

"मम्मी, मला काय झालंय?"

"काही नाही," रुचिका म्हणाली. फोनवरही ती अशीच पटकन नाही म्हणाली होती.

आतून यंत्राची घरघर थांबली. लॅबमधली बाई दारात आली. हातात नळी होती, पण ती तिने पदराआड धरली होती.

"ताई, दोघी उपाशीच आल्या ना?"

"हो."

"मुलीनं दूधबीध तर नाही घेतलं?"

रुचिकाने चिन्मयीचं मनगट धरलं. शिरा बोटांखाली लागत होत्या.

"पाण्याचा घोटही नाही," ती म्हणाली.