हॅव्हरगिलचं नाव

टेनफर्डच्या जुन्या शाळेत ओकच्या भल्यामोठ्या फळ्यांवर नावं कोरायची रीत. शाळेनं ज्याला मोठं मानलं त्याचं नाव कोरायचं, आणि ज्यानं काळिमा फासला त्याचं, मुलं सुट्टीला घरी गेली की, रंधा मारून काढून टाकायचं. का, ते कारागिरानं विचारायचं नाही. लेनर्ड गॅरडनं चव्वेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, नव्या मुख्याध्यापिका मिसेस थ्वेट यांनी त्याला भोजनगृहात बोलावून एका नावावर बोट ठेवलं. रेजिनल्ड हॅव्हरगिल, वसतिगृहप्रमुख.

"बाई, तुमचं बोट चुकीच्या ओळीवर पडलंय," लेनर्ड हसला. "हा देवमाणूस होता."

"हेच नाव, मिस्टर गॅरड."

"मेल्यावर त्यानं कुणाचं काय घोडं मारलं?"

बाईंनी खुर्ची ओढली. "सोमवारी पेपरात येईलच. तो मुलांना आपल्या खोलीत बोलवायचा. सात जणांनी पोलिसांत जबाब दिलेत. सगळे आता पन्नाशीचे आहेत."

"कुठली मुलं?"

"गावातली, फुकट शिकणारी. त्यांचे आईबाप शाळेविरुद्ध ब्र काढणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

 लेनर्डच्या मुलाला, डेरिकला, शाळेतली ती फुकट जागा हॅव्हरगिलनंच दिली होती. अख्खी गल्ली हेव्यानं जळली होती तेव्हा. त्या उपकारापोटी लेनर्डनं हे नाव इतरांपेक्षा खोल कोरलं होतं. पोरगं अकराव्या वर्षी पहिल्यांदा पायजम्यावरच घरी पळून आलं, तर लेनर्डनं त्याला एक ठेवून दिली आणि व्हॅनमध्ये घालून परत नेलं. हॅव्हरगिलनं चहा पाजला, वर बिस्किटं दिली. "सुरुवातीला रडतातच, गॅरड," तो म्हणाला. आणि लेनर्डनं पोराच्या वतीनं त्याची माफी मागितली. सोळाव्या वर्षी डेरिक ग्लासगोला गेला तो गेलाच. नाताळला एक कार्ड यायचं, बस. कृतघ्न कार्टं म्हणून लेनर्डनं पबमध्ये त्याचा उद्धार केला होता, तोही चारचौघांत, वर्षानुवर्षं.

त्यानं रंध्याला हातही लावला नाही. बाहेर येऊन चीजवाल्याच्या तंबूमागे उभ्याउभ्या फोन लावला. 

"डेरिक, मी आत्ता शाळेत होतो. हॅव्हरगिलचं कळलं मला."

"हं. त्या सातांत मी आहे."

तंबूपलीकडे कुणीतरी भावावरून हुज्जत घालत होतं.  शेवटी लेनर्ड म्हणाला, "तीनदा. तीनदा मी तुला माझ्या हातानं परत नेऊन सोडलं."

"चारदा, डॅड," डेरिक शांतपणे म्हणाला. "चौथ्या वेळी व्हॅनमध्ये मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं."

लेनर्डला आठवेना. मग आठवलं.